नील यंगचे नाकारलेले अल्बम थोर कधी झाले?

प्रश्न थोडक्यात असा: ‘हार्वेस्ट’ हा अल्बम ऐकून नील यंग हा कॅनडात जन्मलेला रॉक गायक-गीतकार आवडायला लागला. पण जुने चाहते म्हणतात की ‘हार्वेस्ट’ बाळबोध आहे, खरा यंग ‘टुनाइट्स द नाइट’ आणि ‘ऑन द बीच’मध्ये सापडतो. ते लावले तर गाणारा बेसूर आणि वाजवणारे झोपेत असल्यासारखे वाटले. आता तर तीच मंडळी ‘ट्रान्स’लाही डोक्यावर घेतात, ज्याला एके काळी त्यांनीच नाकं मुरडली होती. हे खरंच ऐकून झालेलं मतपरिवर्तन आहे, की नुसती फॅशन?

थोडी फॅशन आहेच, ते आधी कबूल करून टाकतो. जे लोकांना आवडतं ते सोडून जे लोकांनी टाकलं ते उचलायचं, आणि मग आपल्याला जास्त कळतं असं समजायचं, ही खोड सगळ्याच चाहत्यांत असते. माझ्यातही होती. पण तेवढ्यावर विषय संपत नाही. मी तीसेक वर्षं ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग (म्हणजे मुद्रित आवाज कमीजास्त करून एकत्र जुळवणं) करतो आहे, त्याआधी गिटार शिकवायचो, आणि यंगचं संगीत दोन्ही कामांत सतत सोबत होतं. माझा अनुभव असा की नवा अल्बम पहिल्यांदा ऐकताना आपल्या कानात आधीचा वाजत असतो. नव्याचं माप जुन्याच्या फुटपट्टीनं घेतलं जातं. वर्षं गेली की ती फुटपट्टी गळून पडते आणि अल्बम एकटा उरतो. मग काही अल्बम उभे राहतात, काही बसतात.

यंगच्या बाबतीत ती फुटपट्टी म्हणजे ‘हार्वेस्ट’. फेब्रुवारी 1972 मध्ये आला आणि त्या वर्षी अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेला अल्बम ठरला. ‘हार्ट ऑफ गोल्ड’ हे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं त्याचं एकमेव गाणं. गंमत म्हणजे तेव्हाचे बरेच समीक्षक या अल्बमवर नाखूश होते. आधीच्या कामाची पुनरावृत्ती, गुळगुळीत, असा सूर होता. म्हणजे ‘हार्वेस्ट’ला नावं ठेवणं ही काही आजची टूम नाही. ती अल्बमच्या जन्मापासूनची आहे.

यानंतरच्या दीडेक वर्षात दोन मृत्यू झाले. यंगच्या ‘क्रेझी हॉर्स’ या बँडचा गिटारवादक डॅनी व्हिटन हेरॉइनच्या आहारी गेला होता. दौऱ्याच्या तालमींना आला, पण त्याला धड वाजवता येईना. यंगनं त्याला विमानाचं तिकीट आणि 50 डॉलर देऊन परत पाठवलं. त्याच रात्री, 18 नोव्हेंबर 1972 ला, तो गेला. पुढच्या वर्षी जूनमध्ये ब्रूस बेरी हा त्यांच्या ताफ्यातला माणूसही अमली पदार्थांमुळेच गेला. या दोघांच्या मध्ये यंग अमेरिकेत मोठमोठ्या सभागृहांतून दौरा करत होता. लोक ‘हार्ट ऑफ गोल्ड’ ऐकायला आलेले, आणि हा चिडलेला, घसा बसलेला, कुणी कधी न ऐकलेली गाणी कर्कश गिटारवर वाजवतोय. त्याच दौऱ्यातून ‘टाइम फेड्स अवे’ हा अल्बम निघाला. थेट कार्यक्रमात मुद्रित केलेला, आणि तरीही सगळी गाणी नवी. लोक बुचकळ्यात पडले नसते तरच नवल. स्वतः यंगनंही पुढे तो आपला सर्वांत वाईट अल्बम म्हटलं, पण त्याच दमात हेही म्हटलं की तेव्हा माझं काय चाललं होतं याची नोंद म्हणून तो उत्तम आहे. कलाकाराचं स्वतःच्या कामाबद्दलचं मत मी एका साक्षीदाराचं मत म्हणून घेतो. निकाल म्हणून घेत नाही.

आता ‘टुनाइट्स द नाइट’. तुम्हाला तो बेसूर वाटला. बरोबर आहे, तो बेसूर आहेच. मी बावीस-तेवीस वर्षांचा असताना एका मित्राकडून त्याची भरून घेतलेली कॅसेट मिळाली, तेव्हा मला वाटलं टेपच घासलेली आहे. आवाज मध्येच लांब जायचा, मध्येच अंगावर यायचा. मी डेकचं हेड स्पिरिटनं पुसलं. दोनदा. फरक काही पडला नाही.

खूप वर्षांनी, स्वतः मायक्रोफोन मांडायला लागल्यावर, त्या आवाजाचं कारण समजलं. हा अल्बम नेहमीच्या स्टुडिओत झालेला नाही. हॉलिवूडमध्ये वाद्यं भाड्यानं देणाऱ्या एका कंपनीची तालमीची खोली होती. निर्माता डेव्हिड ब्रिग्जनं तिच्या भिंतीला भोक पाडून केबल बाहेर काढल्या आणि मागच्या गल्लीत उभ्या केलेल्या रेकॉर्डिंगच्या ट्रकला जोडल्या. हे 1973 च्या ऑगस्टमधलं. मंडळी संध्याकाळभर पूल खेळायची, टकीला प्यायची आणि मध्यरात्रीच्या सुमाराला वाजवायला बसायची. सगळे एका खोलीत, एकाच वेळी. त्यामुळे गाण्याच्या माइकमध्ये ड्रम्स शिरतात, पियानोच्या माइकमध्ये गाणं शिरतं. आम्ही याला गळती म्हणतो आणि एरवी ती टाळण्यासाठी पडदे लावतो, गायकाला वेगळ्या खोलीत बसवतो. गळती असली की एकाचा सूर नंतर दुरुस्त करता येत नाही, कारण तोच सूर दुसऱ्याच्या ट्रॅकवरही बसलेला असतो. म्हणजे तिथे जे वाजलं ते वाजलं, मागे फिरायची वाटच ठेवलेली नव्हती. यंग गाता गाता मान वळवतो, माइकपासून दूर जातो, तेही तसंच राहिलंय. माझ्या कॅसेटमध्ये आवाज लांब जायचा तो हा.

यातलं ‘मेलो माय माइंड’ घ्या. वरच्या सुराला जाताना त्याचा आवाज चिरकतो. थोडासा हलत नाही, चक्क फाटतो. कुठलाही व्यावसायिक गायक तिथे हात वर करून थांबेल आणि पुन्हा घेऊ म्हणेल. मध्यंतरी मी एक खटाटोप केला. हल्ली तयार गाण्यातून गायकाचा आवाज वेगळा काढणारं सॉफ्टवेअर मिळतं. त्यानं आवाज सोडवला, सूर दुरुस्त करणाऱ्या प्रोग्राममध्ये टाकला, ती फाटलेली जागा नीट जागेवर बसवली आणि पुन्हा बाकीच्या वाद्यांत मिसळली. शिकायला येणाऱ्या चार मुलांना दोन्ही ऐकवलं, कुठलं मूळ ते न सांगता. चौघांनाही दुरुस्त केलेलं बरं वाटलं. मग मी दोन्ही पाच-पाच वेळा ऐकायला लावलं. पाचव्या खेपेला तिघं मूळ गाण्याकडे आली. एक जण म्हणाली, दुरुस्त केलेल्यात तो माणूस मन शांत व्हावं असं नुसतं म्हणतोय, मूळ गाण्यात त्याला त्याची खरंच गरज आहे. चौथ्याचं मत शेवटपर्यंत बदललं नाही, आणि त्याचंही मला काही गैर वाटलं नाही.

चार जणांवरून सिद्धांत मांडत नाही. पण ही गोष्ट मी अनेकदा पाहिली आहे: सफाई पहिल्या ऐकण्यात जिंकते. खडबडीत गोष्टीला पुन्हापुन्हा ऐकणारा लागतो. आणि 1970 च्या दशकातल्या श्रोत्याला ती संधी नीट मिळालीच नाही, कारण अल्बम उलट्यासुलट्या क्रमानं आले. ‘टुनाइट्स द नाइट’ मुद्रित झाला 1973 मध्ये, बाहेर आला जून 1975 मध्ये. मधल्या काळात, जुलै 1974 मध्ये, नंतर केलेला ‘ऑन द बीच’ आधी येऊन गेला. ज्या माणसानं शोक आधी केला आणि त्यातून बाहेर पडताना पुढची गाणी लिहिली, त्याचं ते बाहेर पडणं लोकांनी आधी ऐकलं आणि शोक नंतर. कुठून काय आलं ते कुणाला कळणार! आज आपण तारखा बघून सरळ क्रमानं ऐकतो आणि सगळं उलगडतं. हा आपल्या कानांचा मोठेपणा नाही, आपल्याला आयता मिळालेला फायदा आहे.

‘ऑन द बीच’ची गोष्ट आणखी वेगळी. 1980 च्या दशकात त्याच्या एलपी दुकानांतून दिसेनाशा झाल्या आणि सीडीवर तो आलाच नाही, थेट ऑगस्ट 2003 पर्यंत. मधल्या वीसेक वर्षांत ज्याच्याकडे एलपी होती तो राजा. बाकीच्यांनी त्याच्याकडून भरून घेतलेल्या टेपवर भागवलं. सीडी काढा म्हणून चाहत्यांनी इंटरनेटवर अर्ज केला, त्यावर पाच हजारांवर सह्या झाल्या. दुर्मीळ वस्तूची किंमत आपोआप वाढते, त्यामुळे तेव्हाच्या कौतुकात किती भाग संगीताचा आणि किती न मिळण्याचा, ही शंका मलाही होती. 2003 मध्ये सीडी आली, कुणालाही सहज मिळायला लागली, आणि कौतुक कमी झालं नाही. माझ्या लेखी तोच त्याचा खरा निकाल.

या अल्बममध्ये यंगनं पक्के मिक्स होऊ दिले नाहीत, कामाच्या ओघात झालेले कच्चे मिक्सच ठेवले. कच्चा मिक्स म्हणजे दिवसाचं काम संपल्यावर उद्या ऐकायला म्हणून झटपट पातळ्या लावून काढलेली टेप. त्यात कुठलं वाद्य किती पुढे याचा फार विचार नसतो, आणि म्हणूनच कधीकधी फार खरा तोल लागतो. शेवटचं ‘अँब्युलन्स ब्लूज’ जवळपास नऊ मिनिटं चालतं. गिटार, हार्मोनिका, आणि रस्टी कर्शॉचं फिडल, जे सुराच्या आजूबाजूला घुटमळत राहतं. त्याची चाल बर्ट जान्श या स्कॉटिश गिटारवादकाच्या एका जुन्या गाण्यावरून नकळत आली, हे यंगनं नंतर मोकळेपणानं मान्य केलंय. हेडफोन लावून रात्री ऐका. पहिली तीन मिनिटं कंटाळा येईल, येऊ द्या.

चाहत्यांचं मत फिरण्यामागे दुसरं मोठं कारण म्हणजे शेजार बदलणं. 1975 मध्ये या अल्बमच्या शेजारी रेडिओवर जे रॉक वाजायचं ते दिवसेंदिवस घोटीव होत चाललं होतं. त्यात हा फाटका आवाज म्हणजे लग्नात मळक्या कपड्यानं आलेला पाहुणा. पण 1990 च्या आसपास गिटारवाल्या तरुण बँडची जी पिढी आली तिनं यंगला आपला पूर्वज मानलं. त्याची ती काळी रंगवलेली 1953 ची लेस पॉल गिटार, छोट्या जुन्या अॅम्प्लिफायरमधून निघणारा घुसमटलेला, फुटणारा आवाज, एकाच सुरावर अडून राहणारे सोलो, हे सगळं अचानक चालू काळाचं वाटायला लागलं. 1991 च्या दौऱ्यात त्यानं त्यांच्यातल्या सॉनिक यूथ या बँडला सोबत नेलं, 1995 मध्ये पर्ल जॅम या बँडबरोबर पूर्ण अल्बम केला. ज्यांचे कान या आवाजावर तयार झाले त्यांना ‘टुनाइट्स द नाइट’ खडबडीत वाटणारच नव्हता. त्यांच्या दृष्टीनं ‘हार्वेस्ट’मधली दोन गाणी, जिथे लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा मागे वाजतो, तीच विचित्र. (त्या दोन गाण्यांबाबत मी त्यांच्या बाजूचा आहे.)

आता ‘ट्रान्स’. इथे मात्र गाण्यांबद्दलची माहितीच बदलली, आणि माहितीनं ऐकणं बदललं.

1982 च्या शेवटी हा अल्बम आला. नऊ गाणी, त्यातल्या सहांमध्ये यंगचा आवाज व्होकोडरमधून काढलेला. व्होकोडर काय करतो ते सांगतो. तुमच्या बोलण्याचे खर्जापासून वरच्या टोकापर्यंत पट्टे पाडतो, प्रत्येक पट्ट्यात क्षणोक्षणी किती जोर आहे ते मोजतो, आणि तोच चढउतार सिंथेसायझरच्या आवाजावर चढवतो. परिणाम असा की सूर सिंथेसायझरचा आणि उच्चार तुमचे. शब्द अर्धवटच कळतात. लोकगीतांच्या वळणाची गाणी लिहिणारा माणूस यंत्रासारखा बोलायला लागला म्हणून चाहते भडकले. त्याच्या नव्या रेकॉर्ड कंपनीला, गेफन रेकॉर्ड्सलाही, हे पसंत नव्हतं. तिनं रॉक अँड रोल द्या म्हटलं, यानं 1950 च्या दशकाच्या थाटाचा, पंचवीस मिनिटांपेक्षाही लहान ‘एव्हरीबडीज रॉकिन’ आणून दिला. मग कंपनीनं 1983 मध्ये त्याच्यावर 33 लाख डॉलरचा दावा ठोकला. आरोप काय, तर त्याचं संगीत त्याच्या स्वतःच्या संगीतासारखं नाही! दावा पुढे मागे घेतला गेला आणि कंपनीचा मालक डेव्हिड गेफननं माफीही मागितली.

तेव्हा कुणाला माहीत नव्हतं ते असं: यंगचा मुलगा बेन 1978 मध्ये सेरेब्रल पाल्सी घेऊन जन्माला आला होता आणि त्याला बोलता येत नव्हतं. घरात रोज कित्येक तास उपचारांचा अतिशय कठोर कार्यक्रम चालायचा, आईबाप त्यात पूर्ण अडकलेले. यंगनं नंतरच्या मुलाखतींत सांगितलं की ‘ट्रान्स’मधली गाणी त्या धडपडीबद्दल आहेत. मूल काहीतरी सांगतंय आणि आपल्याला कळत नाही, तसंच गाणारा काहीतरी सांगतोय आणि ऐकणाऱ्याला कळत नाही. शब्द अर्धवट कळणं हा दोष नव्हता, तोच विषय होता.

आता कुणी म्हणेल, एवढी कहाणी माहीत असेल तरच गाणं चांगलं, तर ते गाणं कसलं? हा आक्षेप मला मान्य आहे, अर्धा. म्हणून ‘ट्रान्सफॉर्मर मॅन’ हे एकच गाणं दोन ठिकाणी ऐका. ‘ट्रान्स’मधलं मूळ, आणि मग 1993 च्या ‘अनप्लग्ड’मधलं, जिथे व्होकोडर नाही, साधी वाद्यं आणि त्याचा स्वतःचा उंच, पातळ आवाज. कहाणी माहीत नसली तरी दुसऱ्यात हे अंगाईगीत आहे हे कळतं. मग परत मूळ गाण्याकडे जा. ते आता यंत्राचं वाटत नाही. माझ्या पिढीतल्या अनेकांचं ‘ट्रान्स’बद्दलचं मत त्या पाच-सहा मिनिटांत फिरलं. त्याही आधी, 1989 मध्ये, यंगच्या गाण्यांचा इतरांनी गायलेला जो अल्बम निघाला त्यात सॉनिक यूथनं नेमकं ‘कम्प्युटर एज’ निवडलं होतं. म्हणजे चाहत्यांच्या आधी संगीतकारांना ते सापडलेलं होतं. असं बऱ्याचदा होतं.

पण ‘ट्रान्स’ थोर अल्बम आहे का? नाही. सहा गाणी एका घरातली आणि तीन भलत्याच घरातली, वेगळ्या अल्बमसाठी केलेली, त्यात घुसडलेली. तो अर्धा थोर आहे. जुन्या चाहत्यांशी माझं भांडण इथेच होतं. एकदा मत फिरलं की ते पार दुसऱ्या टोकाला जातं, जणू आधीच्या अन्यायाची भरपाई करायची आहे. ‘होमग्रोन’चं उदाहरण घ्या. 1975 मध्ये हा अल्बम तयार होता. मित्रांना ऐकवताना त्याच टेपवर पुढे ‘टुनाइट्स द नाइट’ निघाला, ‘द बँड’ नावाच्या गटातल्या रिक डँकोनं हाच काढ म्हणून आग्रह धरला, आणि ‘होमग्रोन’ कपाटात गेला. पुढची 45 वर्षं चाहते त्याला हरवलेला खजिना म्हणत राहिले. जून 2020 मध्ये तो आला. छान आहे, काही गाणी फारच सुंदर आहेत, आणि डँकोचा सल्ला बरोबर होता.

आणि तुमचा ‘हार्वेस्ट’. त्याला बाळबोध म्हणणाऱ्यांना मी केनी बटरीचे ड्रम्स ऐकायला सांगतो. बटरी नॅशव्हिलचा निष्णात वादक, हवं तेवढं वाजवू शकणारा. ‘आउट ऑन द वीकेंड’मध्ये तो जवळजवळ काहीच करत नाही. एक ठोका, मग मोकळी जागा, मग ठोका. एवढं कमी वाजवून ठेका हलू न देणं हे भरभरून वाजवण्यापेक्षा कठीण असतं, कुठल्याही ड्रमरला विचारा. तीच रिकामी जागा पुढे ‘ऑन द बीच’मध्ये भीतीदायक होते. दोन्ही अल्बमचा करणारा एकच आहे हे तिथे कळतं. मी स्वतः पंधराएक वर्षं ‘हार्वेस्ट’ला हातही लावला नव्हता. मग ‘ओल्ड मॅन’ कुठेतरी कानावर पडलं. यंगनं विशीत घेतलेल्या रँचची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्याला उद्देशून ते लिहिलंय, आणि त्यात स्वतःचं वय चोवीस सांगितलंय. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या चोवीसच्या बाजूला होतो. आता समोरच्या बाजूला बसून ऐकतो. चाल तीच, बँजोचे सूर तेच, फक्त बोलणं आता माझ्याशी चाललंय.

म्हणून क्रम विचाराल तर ‘हार्वेस्ट’ सोडू नका. त्यानंतर ‘ऑन द बीच’, मग ‘टुनाइट्स द नाइट’, म्हणजे लोकांनी ऐकले त्याच क्रमानं, आणि महिन्याभरानं हे शेवटचे दोन उलटे. ‘टुनाइट्स द नाइट’ जड जात असेल तर त्याच गाण्यांचा सप्टेंबर 1973 मधला थेट कार्यक्रम 2018 मध्ये ‘रॉक्सी’ नावानं निघालाय, तो आधी लावा. तिथे माणसं हसताना ऐकू येतात. किती बिटांची फाइल, कुठलं उपकरण, याच्या फार मागे लागू नका. यंग स्वतः त्या विषयावर गेली कित्येक वर्षं हिरिरीनं भांडतोय, पण माझ्या कामाच्या अनुभवात मास्टरिंग, म्हणजे मिक्स झाल्यावरचा आवाजावरचा शेवटचा हात, चांगलं की वाईट यानं जेवढा फरक पडतो तेवढा फाइलच्या आकारानं पडत नाही.

राहता राहिला 1986 चा ‘लँडिंग ऑन वॉटर’. त्यालाही आता कैवारी मिळू लागले आहेत, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी मी तो इमानदारीत पहिल्यापासून शेवटपर्यंत लावतो. ड्रम्स अजूनही कुणीतरी पत्र्याचं दार आपटल्यासारखेच वाजतात.